सगळ्यांना दहा

आमच्या धाकट्या बहिणीला नको तिथं भीड. कॉलेजच्या प्रोजेक्टला गटातले बाकीचे तिघे कधी फिरकलेच नाहीत. चाळीस पानं हिनं एकटीनं लिहिली. शेवटी प्रत्येकानं इतरांच्या कामाला दहापैकी मार्क द्यायचे होते. हिनं तिघांनाही दहा दिले. तिघांनी हिला चार दिले, वर शेरा मारला, ‘आम्हाला काम करू देत नाही.’

मी तणतणत तिला मॅडमकडे नेलं. त्यांनी तिचाच फॉर्म पुढे केला. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘सगळ्यांनी मनापासून काम केलं.’

“आता मी काय करू, तुम्हीच सांगा,” मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर धाकटी हळूच म्हणाली, “ताई, त्यांच्या फॉर्मची बंद पाकिटंही ऑफिसात मीच नेऊन दिली. त्यांना वेळ नव्हता.”