दोन डोळे, एक माणूस

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात शैलजा गेली. शोकसभेत मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, "हुशार होती, पण ती एक चूक नडली." ती चूक तिची नव्हती. माझी होती.

दृष्टीवर संशोधन करणाऱ्या म्हैसुरातल्या आमच्या चार-पाच प्रयोगशाळांसाठी जयलक्ष्मीपुरममध्ये एक सामाईक विश्लेषण कक्ष होता. आम्ही डोळे तपासून मोजमापं आणायची, त्यांतून काय निघतं ते कक्ष सांभाळणाऱ्या शैलजानं बघायचं. ती चामराजपुरमच्या जुन्या मराठी घरातली, बोलताना मधूनच कन्नडमध्ये शिरणारी आणि कुणाचीही भीड न ठेवणारी. मी प्रत्येक रुग्णाचे दोन्ही डोळे स्वतंत्र धरून नोंदींचा आकडा दुप्पट केला होता. ते पाहून ती हसली.

"अय्यो सर, दोन डोळे म्हणजे जुळी भावंडं. एकाला विचारलं की दुसऱ्याचं अर्धं कळतं. दोघांना वेगळं मत कसं देता?"

"अगं, माणसं कमी पडतायत."

"मग माणसं आणा. डोळे कशाला वाढवता?"

पण माझ्या प्रकल्पाची मुदतवाढ या अभ्यासाच्या निष्कर्षावर अडली होती. तिच्याच कक्षातल्या संगणकावर मी डोळे वेगवेगळे मोजूनच मला हवं तसं विश्लेषण करून घेतलं आणि शोधनिबंधात ते कक्षाच्या नावावर घातलं. छापून आल्यावर कुणीतरी नेमकं तिथंच बोट ठेवलं आणि निबंध मागे घ्यावा लागला. बैठकीत विचारणा झाली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "विश्लेषण कक्षाकडून आलं होतं..." शैलजा समोरच बसली होती. नंतर जिन्यात तिनं एवढंच विचारलं, "सर, तुम्ही सांगाल ना त्यांना?" मी "सांगतो" म्हणालो, म्हणून ती स्वतः सांगायची थांबली.

त्यानंतर फोन वाजला की वाटायचं, तिनंच सांगून टाकलं असेल तर? तिनं नाही सांगितलं. हळूहळू लोक आपली मोजमापं दुसरीकडे पाठवू लागले, आणि कक्ष बंद पडला... तरी मी गप्पच.

ती आजारी असल्याचं कळलं तेव्हा तिच्या घरी गेलो. काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. उशीला टेकून बसलेल्या शैलजानं माझ्या मोतीबिंदूची चौकशी केली, आत कॉफी सांगितली. मी उन्हाळ्याबद्दल बोललो, तिच्या औषधांबद्दल बोललो, कप रिकामा झाला तरी हातात धरून बसलो. मग तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सर, काही बोलायचं होतं, की सुम्मने आलात?"

"सुम्मने... सहजच," मी म्हणालो.