गुलाबी दोऱ्याचा टमाटा

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, शाल मिळाली, नारळ मिळाला. "मॅडमनी परागकणांसाठी आयुष्य वाहिलं," असं विभागप्रमुख म्हणाले आणि मी नाकाला रुमाल लावला. सगळ्यांना वाटलं, बाईंना भरून आलं. खरं तर हारातल्या झेंडूनं शिंका येत होत्या. तीस वर्षं परागकणांवर संशोधन करणाऱ्या बाईला परागकणांचीच ॲलर्जी, यावर आमच्या घरात पुरेसे विनोद झालेले आहेत. तुम्ही नवे पाठवू नका.

बाहेर पडताना गेटवरचे वॉचमन मारुतीमामा म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं फुलांचं करत होतात. मग त्यातनं निघालं काय?"

"शोधनिबंध," मी म्हणाले.

"बरं, बरं," मामा म्हणाले. ते "बरं, बरं" मला पुढे चार महिने टोचत राहिलं.

म्हणून दिवाळीनंतर ज्ञानेश्वरचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ज्ञानेश्वर माझा विद्यार्थी. पीएचडी अर्धी सोडून बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेला, तेव्हा मी त्याला फाडफाड बोलले होते. आता तो शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, टोमॅटोचं संकरित बियाणं तयार करतो. म्हणजे एका जातीच्या फुलावर दुसऱ्या जातीचे परागकण हातानं लावायचे. "या ना मॅडम," तो म्हणाला, "क्रॉसिंग चालू हाये. तुमच्या हातानं फय धरते का, तेही पाहून घेऊ." तिकडे ळ चा य होतो, फय म्हणजे फळ. असं डिवचल्यावर घरी कोण बसणार?

जाणाऱ्यांसाठी माहिती: पुण्याहून जालन्यापर्यंत रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत, पण मी सकाळची एसटी धरली, कारण बायकांना अर्धं तिकीट आणि खिडकी पूर्ण. जालन्यात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मेहकरची गाडी पकडून सिंदखेडराजा, बीबी करत सुलतानपूरला उतरले. बसस्टँडवरच्या पोह्यांवर लालभडक तर्री ओततात, नको असेल तर आधीच सांगा. मी सांगितलं नाही, आणि परागकणांशिवायही शिंका येतात हे कळलं.

सुलतानपूरपासून गाव मोटरसायकलनं वीस मिनिटं. तूर फुलावर आली होती, रस्ताभर पिवळंच पिवळं. ज्ञानेश्वरला मी तुरीच्या परागीभवनावर व्याख्यान द्यायला सुरुवात केली. त्यानं हेल्मेट घातलेलं असल्यामुळे तो वाचला.

दुपारी शेडनेटमध्ये शिरले. डझनभर बायका टोमॅटोच्या ओळींतून वाकून चिमट्यानं कळ्या सोलत होत्या. उद्या उमलणारी कळी ओळखायची, तिचे पुंकेसर अलगद काढायचे, मधलं स्त्रीकेसर तेवढं शाबूत ठेवायचं. या सगळ्यांच्या म्होरक्या शोभाबाई. वय पन्नाशीचं, डोळ्यांवर चष्मा नाही, आणि हात असे चालतात की माझ्या प्रयोगशाळेतल्या कुणाचेच चालले नसते.

इथली पद्धत अशी की प्रत्येकीचा दोरा वेगळ्या रंगाचा. आपण केलेल्या फुलाच्या देठाला आपला दोरा बांधायचा. आठवड्यानं कुणाचं फळ धरलं आणि कुणाचं गळलं, हे सगळ्या शेडनेटला दिसतं. आमच्या क्षेत्रात ही पद्धत असती तर बरेच जण प्राध्यापक झाले नसते.

"मॅडमले कोनता देऊ?" शोभाबाईंनी पिशवी चाचपली. "गुलाबीच उरला. कोनी घेत नाई, लवकर उडते त्याचा रंग."

गुलाबी तर गुलाबी. मला कोपऱ्यातल्या वीस कळ्या मिळाल्या. त्यातल्या सात स्त्रीकेसरासकट मोडल्या. उरल्या तेरा.

रात्री ज्ञानेश्वरच्या आईनं पातोडीची रस्साभाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. गावात लॉज नाही, पण पाहुण्याला उपाशी झोपू देणारंही कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण लावायचे. बोटात प्लास्टिकची अंगठी घालतात, तिच्यावर इवलीशी वाटी असते. तिच्यात आदल्या दिवशी वाळवलेल्या फुलांचे परागकण घ्यायचे आणि कळीचं टोक त्यात हलकेच बुडवायचं. मी नाकावर ओढणी बांधून बसले.

"दहाच्या आत उरकवा मॅडम," शोभाबाई म्हणाल्या. "ऊन चढलं का पोलन मरते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगते? फुलं गयतात ना."

हेच सिद्ध करायला मला दोन वर्षं आणि एक सरकारी प्रकल्प लागला होता. मग मीही हरू नये म्हणून त्यांना सांगितलं, की परागकणाला एक नळी फुटते, ती फुलाच्या आतून वाढत वाढत खाली बीजांडापर्यंत जाते. बायकांनी हात न थांबवता ऐकलं.

"म्हंजे मुळी फुटल्यावानी," शोभाबाई म्हणाल्या. "पोचते का पन सगळ्याईची?"

"तेच तर मी तीस वर्षं पाहिलं!" मी म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

तेरा फुलं झाली, तेरा गुलाबी दोरे बांधले. दुपारी लोणारला जाऊन आले. सरोवराविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मी एवढंच सांगते, की उतरायला चांगली चप्पल हवी, पाणी सोबत न्यायला हवं, आणि एखादी वनस्पतिशास्त्रज्ञ बरोबर असेल तर दोन तास जास्तीचे धरायला हवेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडनेटमध्ये गेले. चोवीस तास झाले होते. पिशवीतून छोटी कात्री काढली, स्पिरिटची बाटली काढली, आणि गुलाबी दोऱ्याची फुलं एकेक करून कापून बाटलीत टाकायला लागले. बारावं कापलं आणि मागून किंकाळी ऐकू आली.

"ओ मॅडम! काऊन तोडून राह्यल्या?"

"नळी पोचली का ते पाहायला," मी म्हणाले. अगदी सहज. तीस वर्षं दुसऱ्या दिवशी मी हेच केलं होतं.

शोभाबाई बाटलीकडे बघत राहिल्या. बाकीच्या बायकाही जमल्या.

"मंग फय कसं धरन?"

मी हातातल्या कात्रीकडे पाहिलं. नळी पाहायची तर फूल कापावं लागतं. मी हजारो फुलांवर परागकण लावले आणि दुसऱ्या दिवशी सगळी कापली. एकालाही फळ होऊ दिलं नाही. हे मला कधी सुचलंही नव्हतं, आणि आता डझनभर बायकांसमोर सुचत होतं.

"म्हंजे इतके वर्सं तोडूनच पाह्यलं?" शोभाबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं शेडनेट हसायला लागलं. मीही हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी झेंडूचा काही संबंध नव्हता. मला फार वाईट वाटलं.

शोभाबाईंनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "एक हाये अजून. याले हात लावाचा नाई."

"मग कळणार कसं?"

"थांबाचं."

परतीच्या गाडीसाठी ज्ञानेश्वर सोडायला आला, माझी पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही चिडाल म्हणून पीएचडी सोडताना बोललो नाही. मले फय लाल झालेलं पाह्याचं होतं." मी त्याला जे फाडफाड बोलले होते, त्याबद्दल सुलतानपूरच्या स्टँडवर माफी मागितली. तो इतका लाजला की त्यानं मला चुकीच्या गाडीत बसवलं, पण डोणगाव पाहून झालं.

पुण्यात दीड महिना काढला. आठवड्यानं कळलं, धरलं. मग वाटाण्याएवढं, मग लिंबाएवढं. रोज फोन करायची सुरसुरी यायची, शोभाबाई रोज उचलायच्या आणि "हाये, हाये" एवढंच सांगायच्या. जानेवारीत ज्ञानेश्वरनं फोटो पाठवला. लाल टोमॅटो आणि देठाला विटून पांढुरका झालेला दोरा. बियाण्याची फळं बाहेर देत नाहीत, तो टोमॅटोही बाकीच्यांबरोबर बी काढायला गेला.

मग मी जुन्या प्रयोगशाळेत गेले. ती बाटली घेऊन. निळा रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक फूल पाहिलं. अंधारात नळ्या चमकत होत्या. बाराच्या बाराही खाली पोचल्या होत्या.

शोभाबाईंना फोन करून सांगितलं.

"मंग काय," त्या म्हणाल्या, "हात चांगला हाये तुमचा. दोरा ठेवते तुमच्यासाठी. कात्री घरी ठेवून या."

गेटवर मारुतीमामा होते. मी थांबले, मोबाईल काढला आणि फोटो दाखवला.

"हा निघाला," मी म्हणाले.

मामांनी फोटो मोठा करून पाहिला. "एकच? तीस वर्षांत?"

"एकच. पण हा मी तोडला नाही."