सुईविना सिलाई क्लास

मदत-छावणीत डाळ संपते, साबण संपतो; किस्से मात्र रोज नवे येऊन पडतात. नाल्याचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा सुपेला बाजाराजवळच्या एका शाळेत छावणी लागली. मी जन्मभर प्लांटच्या गेटवर बसलेला रिटायर माणूस. तिथंही गेटवरच बसलो. आतला कारभार सेक्टर २ च्या रेखा सिस्टरचा. बाळंतपणं, पाळीचे पॅड, नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाया, सगळं तिच्याकडं. वरून माझी भर!

*

पहिल्याच दिवशी मी पकडला गेलो. पोटुश्या बायांसाठी पाकिटं आली होती: साबण, चादर, नाळ बांधायला दोरा, कापायला कोरं ब्लेड. म्हटलं, ब्लेड तं झकास हाय! अर्धी दाढी झाली अन् सिस्टर समोर.

"काका, कितवा महिना चालू हाय?"

ब्लेड गेलं. दोन दिवस अर्ध्या दाढीनं गेट सांभाळलं.

*

पुरुषांच्या संडासाजवळ कंडोमचा डबा ठेवला. सकाळी भरला, दुपारी रिकामा! सिस्टर खूश. मग पाहते तर काय, ज्याचा त्याचा मोबाइल कंडोमात. पाण्यानं खराब होऊ नये म्हणून!

सिस्टर ओरडली, "मोबाइलले लेकरं होऊन राहिले का रे?"

*

एक साहेब पाहणीला आले. बायांनी एकच मागितलं: न्हाणीच्या दाराला आतून कडी. साहेबांनी वहीत लिहिलं, 'समुपदेशन आवश्यक'.

म्हटलं, "साहेब, घामेजले तुमी. आंघोळ करून घ्या."

ते आत गेले. मी दर मिनिटाला दार ढकलत राहिलो. "साहेब, पाणी आणू? साबण? पाठ घासू?"

कडी त्याच दिवशी बसली. दोन बसल्या!

*

वरून पाटी आली, 'हिंसापीडित महिला सहायता कक्ष'. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मारणारा नवराच समोर बिडी ओढत बसलेला. त्या पाटीखालून कोण जाईल? मी पाटी उलटी केली अन् खडूनं लिहिलं, 'सिलाई क्लास'.

संध्याकाळपर्यंत खोली भरली. आत मशीन नव्हती, कपडे शिवायची साधी सुईही नव्हती!

*

त्या क्लासात सुनीता आली. हात कोपरापर्यंत सुजलेला. "ताई, मले डोंगरगडले भावाकडे जाचं हाय. पण हा गेट सोडत नाही."

हा म्हणजे तिचा नवरा रमेश. शाळेला गेट एकच. सिस्टरनं गाडी बोलावली. गाडी आत येऊन उभी राहिली अन् रमेश माझ्यासमोर.

"काका, मले उल्लू समजता का? बायको रोज अंदर कावून जाते? सिलाई शिकते न? मंग माह्या पँटचा हा गुडघा शिवून दाखवा. नाही तं मी अंदर घुसतो!"

मी म्हटलं, "काढ."

त्यानं गमछा गुंडाळला अन् पँट दिली. मी ती आत नेली. सिस्टरनं सुनीताला एकदाच विचारलं, "जाचं पक्कं?"

"पक्कं, ताई."

मग सिस्टरनं बाळंतिणीला टाके घालायची वाकडी सुई काढली. गुडघा शिवला. नंतर पँटचे दोन्ही पाय खालून बंद केले. गाठीवर गाठ.

मी पँट बाहेर नेऊन दिली. रमेशनं गुडघा ओढून पाहिला. "सिलाई तं मजबूत हाय!" अन् एक पाय घातला. पाय बाहेर निघेना. दुसरा घातला, तोही निघेना. तेवढ्यात मी गेट उघडलं. गाडी निघाली, पुढच्या सीटवर सुनीता, नजर सरळ रस्त्यावर. रमेश तिच्यामागं झेपावला अन् दोन उड्यांत आडवा!

सिस्टर शांतपणे गेटवर आली. रोजच्या सवयीनं म्हणाली, "टाके ओले करू नको. सातव्या दिवशी काढाले ये."