गडाखालचा तज्ज्ञ

इंग्लंडमधल्या एका बाजारगावात मी हॉटेलात स्वयंपाकी आहे. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर हातात पुस्तकापेक्षा कांदाच जास्त राहिला. इथं आलो तेव्हा राहायला खोली मिळेना. शेवटी एका वयस्कर बाईंनी दार उघडलं. कुठला तू, म्हणाल्या. सातारा जिल्हा, मेढ्याकडचा, आमच्या घराच्या डोक्यावरच किल्ला आहे, असं मी सांगून टाकलं. मग किल्ल्यांची माहिती असेलच, म्हणाल्या. माझ्यामागं खोली बघायला अजून एक जण उभा होता. मी म्हणालो, सगळी आहे.

त्या 'सगळी'नं खोली मिळाली, पण घोर लावला. मंगळवारी आमचं हॉटेल बंद, आणि दर मंगळवारी या घरमालकीण मॅडम जेवण बरोबर घेऊन मला गाडीत घालून एखादा पडका किल्ला दाखवायला न्यायच्या. इथला किल्ला म्हणजे एक टेकाड. त्याला पायऱ्या, पायऱ्यांना कठडा, कठड्यावर 'जपून चाला' अशी पाटी. दम लागायच्या आत किल्ला संपतो. वर तीन भिंती, छप्पर नाही, पण गवत असं की रोज न्हावी येत असावा. एके ठिकाणी तर नुसता खड्डा होता. इथं पूर्वी बुरूज होता, असं फलकावर लिहिलेलं. खड्ड्याला तिकीट. आमच्याकडं असल्या भिंतीला म्हैस बांधली असती, आणि भिंतीचाच मान वाढला असता. पण हे बोलतोय कोण? तुमच्याकडं कसं असतं, असं मॅडमनी विचारलं की मी गंभीर होऊन म्हणायचो, असंच, फक्त उंच. एवढ्या भांडवलावर माझी विद्वत्ता चालली होती.

मग मॅडमनी त्यांच्या इतिहास मंडळात माझं भाषण ठरवलं. विषय, आमचा किल्ला. खरं सांगायचं तर त्या किल्ल्यावर मी कधी गेलोच नव्हतो. आमचं रान पायथ्याला. वर जायची ती पुण्या-मुंबईची माणसं, आम्ही खालून वाट दाखवायचो. खोटं उघडं पडलं तर खोली जाणार, याची धास्ती होतीच. पण मी तापानं पडलो तेव्हा याच बाईंनी तीन दिवस मला सूप करून पाजलं होतं. ते जास्त टोचत होतं.

गावी थोरल्या भावाला फोन केला. म्हटलं, भाषणाच्या दिवशी वर चढ आणि काय असेल ते व्हिडिओवर दाखव.

"पन्नास वर्सं ह्या डोंगराखाली हाय, कवा वर गेलो न्हाई. आन् तू विलायतेत बसून मला चढाय लावतोस व्हय रं?"

पण चढला. इथं सकाळ, तिकडं दुपार. फोन मोठ्या पडद्याला जोडला. समोर वीसेक म्हातारी माणसं, हातात चहाचे कप. पडद्यावर भाऊ, डोक्याला टॉवेल, धापा टाकत. त्यानं पाण्याचं टाकं दाखवलं, ढासळलेला तट दाखवला, कोणा प्रेमिकांनी चुन्यानं रंगवलेली नावं दाखवली. मी इंग्रजीत भर घालत गेलो. नावांना शिलालेख म्हणालो.

तेवढ्यात भाऊ म्हणाला, "आवं पावणं, ह्याचं काय ऐकू नगासा. ह्यो गडावर कवा आलाच न्हाई. मी बी आजच आलोय. पर लय झ्याक हाय रं हितं, गड्या. उगंच खाली बसलो इतकी वर्सं."

काय म्हणाले, असं मॅडमनी विचारलं. त्यांच्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं. काहीही सांगून निभावलं असतं. पण दुखऱ्या गुडघ्यांनी तो माणूस माझ्या खोट्यापायी तिथवर गेला होता. मी शब्दन् शब्द सांगितला. शिलालेखाचंही सांगितलं.

मॅडमनी कप खाली ठेवला आणि भावाला विचारायला सांगितलं, वरून तुमचं घर दिसतं का? त्यानं फोन फिरवला. पत्रा दिसला, पत्र्यावर वाळत घातलेली मिरची दिसली. आमचं घर वरून मी पहिल्यांदाच बघत होतो.

परतताना मॅडमनी गाडी सुरू केली. मग म्हणाल्या, "तू तज्ज्ञ होतास म्हणून जेवण मी आणत होते. आता मंगळवारचा डबा तू आणायचास."

खोलीचं विचारायचं ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, भाकरी चालेल का?