पेटीतली काळी गोळी

२००९च्या मे महिन्यात शरदचंद्रांच्या कॅनडातल्या, हॅलिफॅक्सच्या घरी पत्र आलं. कॉलेजात ते ज्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे निवडक मुलांच्या क्लबच्या, घरात राहिले, तिथे आता नामवंत माजी सदस्यांचे फोटो लागणार होते. पुलांचे इंजिनियर म्हणून यांचाही! बायकोने, नीलिमाबाईंनी, लगेच ब्लेझर ड्रायक्लीनला दिला.

शरदरावांनी मात्र पत्राची घडी घालून ठेवली. चाळीस वर्षं एक 'टक्' त्यांची पाठ सोडत नव्हतं. ग्लासात बर्फ पडला तरी दचकायचे.

त्या घरात नवा मुलगा घ्यायचा तर प्रत्येकाने लाकडी पेटीत हात घालून एक गोळी टाकायची; ती तळाशी टक् करून पडायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. कुणी कुठली टाकली ते कळत नसे, पण एक काळी निघाली की खेळ खलास. १९६९ साली प्रतापचं नाव आलं. नागपूरचा, जिवाभावाचा दोस्त. यांनीच त्याला अप्लाय करायला लावलेलं. आणि आयत्या वेळी यांनीच कच खाल्ली. दोन देशी झाले तर हे गोरे आपल्यालाही बाजूला काढतील! वा रे शहाणा! पेटी उघडली, तर काळी एकच.

प्रताप मग कुठल्याशा बेसमेंटमध्ये एकटा राहिला. हळूहळू वर्गातही जाईना. शिक्षण सुटलं ते सुटलंच, जन्मभर हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या. गेल्या विंटरमध्ये गेला बिचारा.

"मी डार्टमथला जाऊन येतो," शरदराव म्हणाले आणि पलीकडच्या काठाला नेणाऱ्या फेरीबोटीत बसले. आज प्रतापच्या बायकोला सांगून टाकायचं. मगच फोटो लागू दे, नाहीतर नको.

जयंतीवहिनींनी शिरा केला. फोटोची बातमी ऐकून डोळे पुसले. "हे असते तर नाचले असते, भाऊजी. नेहमी म्हणायचे, त्या घरात आपल्या बाजूचा एक तरी माणूस होता. शरदने पांढरी टाकली, तेवढं मला पुरे."

शरदरावांनी शिऱ्याचा घास घेतला. गिळून टाकावं, कुणाला कळणार होतं? त्यांनी चमचा खाली ठेवला. टक्.

"वहिनी, काळी माझी होती."

मग वहिनींनी त्यांच्यासमोरची बशी उचलली.

"बरं झालं, हे आधीच गेले," त्या म्हणाल्या. "निघा आता. फेरी चुकेल."