‘नॉर्मल’ या शब्दामागे कळंबपर्यंत

एका आजारी मुलीच्या मेंदूचा रिपोर्ट मी फोनवर सांगून टाकला, आणि तो सांगणं माझं काम नव्हतं.

पुण्यात आमच्याकडे स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुण मुलामुलींच्या मेंदूची एमआरआय चित्रं काढून अभ्यास चालतो. मी फॉर्म भरतो, तारखा कळवतो. बारामतीजवळच्या कळंबच्या इस्माईलभाईंना पुढच्या तपासणीची तारीख कळवता कळवता माझी जीभ सुटली. “तुमच्या रेश्माचा फोटो नॉर्मल आलाय बरं का,” म्हणालो, आणि गोड बातमी दिल्याच्या खुशीत वर चहा प्यायलो. दोन आठवड्यांनी आमच्या डॉक्टरीणबाईंना कळलं, त्या घरात गोळ्या बंद झाल्यात. त्यांनी रेश्माच्या घरचा पत्ता माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्या सकाळी मी सोलापूरच्या एसटीत होतो.

भिगवणला उतरलो. अपराधी माणसालाही भूक लागते. चिलापी (उजनीच्या पाण्यातला मासा) मागवली, काटा घशात अडकवून घेतला आणि कोरडी भाकरी गिळत जीपमध्ये बसलो. दोन्ही बाजूंना ऊस सरकत होता. मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

इस्माईलभाईंचं पाण्याच्या मोटारी रिवायंड करायचं दुकान रस्त्यालाच. जळक्या मोटारींतून ते हसत उठले. “या साहेब. तुमी बातमी दिली आन् आमी गोळ्या कपाटात टाकल्या.”

घर दुकानामागेच. वीस वर्षांची रेश्मा, बारामतीत कॉलेज करता करता आजारी पडलेली, भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेले. तिच्या आईनं मला पाणी दिलं. “काका, आधी तुमी अर्धं प्या,” रेश्मा म्हणाली. मी प्यायलो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग उरलेलं घटाघटा प्यायली.

“कालधरनं पाण्याला शिवली न्हाय,” आई म्हणाली. “त्यात काय तरी घातलंय म्हणती.”

“मी न्हाय म्हणत. तो आवाज म्हणतो.” रेश्मा शांत होती. “गोळ्या हुत्या तवर मला वाटायचं, आवाज माझ्या डोक्यातला हाय. तुमी सांगितलं, डोक्यात काय न्हाय. म्हंजी आवाज खराच की.”

गोळ्या बंद होतील एवढंही मला सुचलं नव्हतं. हे तर माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. तिच्या हिशेबात चूक नव्हती. चूक माझ्या वाक्यात होती.

मी चाचरत सांगू लागलो. गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकट्याच्या फोटोवरून हा आजार ओळखता येत नाही. पुष्कळ जणांचे फोटो शेजारी ठेवून डॉक्टर बारीक फरक शोधतायत.

“मग हिचा फोटो बघून तुमी बोलला कशाला?” इस्माईलभाईंचं हसू गेलं होतं. मग तेच म्हणाले, “मीटरवर मोटार चांगली दावती, पर इहिरीत सोडली की पाणी वडत न्हाय (ओढत नाही). तसं हाय व्हय?”

“अगदी तसंच.”

“मग असं सांगायचं हुतं की.”

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आजच्या आज बारामतीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, मी त्यांच्याशी बोलते, असं त्यांनी बजावलं. टेम्पो दारात आला, पण रेश्मा उठेना. आवाज नको म्हणत होता. बापानं समजावलं, आई रडली. मग रेश्मानंच अट घातली, “काका शेजारी बसतील. पाणी आधी त्यांनी प्यायचं.”

बारामतीपर्यंत दर दहा मिनिटांनी मी आधी, मग ती. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांपेक्षा मला मुतारीची निकड जास्त होती. परत येतो तर रेश्मा आत बोलत होती. अर्ध्या तासानं बाहेर आली, हातात गोळ्यांचं पाकीट. पाकीट अजून फोडलं नव्हतं.

संध्याकाळच्या पुण्याच्या एसटीत खिडकीशी बसलो. धीर द्यायला गोड बातमी पुरते, असं आजवर धरून चाललो होतो. ती बातमी समोरच्याच्या डोक्यात शिरून काय करते, हे कधी बघायलाच गेलो नव्हतो. राहवेना, फोन केला. रेश्मानंच उचलला.

“घेतली गोळी,” ती म्हणाली. मी लगेच समजावायला लागलो, की गुण यायला वेळ लागतो, घाबरायचं नाही, आणि आपण सगळे...

“काका,” ती मध्येच म्हणाली, “तुमी लय बोलता. ठेवा आता.”