शेवटच्या बाकावरचा हवालदार

सुनीती रणभिसेंना त्या माणसाचा संशय पहिल्याच रविवारी आला.

दिल्लीत मराठी ख्रिस्ती कुटुंबं तेव्हा मोजून वीस-बावीस. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हिंदी उपासना आटोपली की त्याच चर्चमध्ये दुपारी चारला मराठी उपासना व्हायची. कुणाच्या घरी काय शिजलं, हेही एकमेकांना ठाऊक. त्यात सन शहात्तरच्या जानेवारीत एक अनोळखी माणूस शेवटच्या बाकावर येऊन बसू लागला. आखूड केस, ताठ पाठ, साधा बुशशर्ट. गीत सुरू झालं की खिशातून लहानशी वही काढून भराभर लिहायचा. प्रार्थनेच्या वेळी तो डोळे मिटत नाही, हे सुनीतीनं पाहिलं. म्हणजे तिचेही डोळे उघडेच होते. पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

सुनीती मूळची नगरची. वीस वर्षं दिल्लीत, एका मंत्रालयात असिस्टंट, रामकृष्णपुरममध्ये सरकारी क्वार्टर. नगरहून निघणाऱ्या एका लहान मासिकात ती दरमहा एक पान लिहायची, ‘एक बहीण’ या नावानं. मोठे धर्मविचार तिला जमत नसत. दुधाच्या रांगेत, बसच्या दांड्याला लोंबकळताना देव आठवला किंवा नाही आठवला, तेवढंच ती लिहायची. सरकारी नोकरानं बाहेर लिहायचं तर परवानगी लागते. तिनं ती कधी घेतली नव्हती, आणि आजवर कुणी विचारलंही नव्हतं.

पण दिवस आणीबाणीचे होते. लोक कँटीनमध्येसुद्धा हळू आवाजात बोलायचे. क्वार्टरमागची झोपडपट्टी एका सकाळीत उठवली गेली, त्यावर सुनीतीनं फेब्रुवारीच्या अंकात लिहिलं. वस्तीतली एक बाई तिच्या दारी पाणी प्यायला थांबली आणि म्हणाली, ‘तुमच्या देवाचं घर तरी कायमचं आहे ना?’ त्या लेखात सरकारबद्दल अवाक्षर नव्हतं.

मार्चमध्ये अंडर सेक्रेटरींनी बोलावलं. “आप लिखती हैं? शिकायत आई है. पंद्रह दिन में जवाब दीजिए.”

घरी आल्यावर पर्सही न ठेवता ती नवऱ्याला म्हणाली, “तोच. तो वहीवाला.”

जयंत चष्मा पुसत म्हणाला, “अगं, आपल्या गीतांत त्याला काय सापडणार?”

“गीतांसाठी येतो असं वाटतं तुम्हाला? त्याचे केस बघा. पोलिसाचे केस आहेत ते.”

मंडळीतले वडीलधारे अण्णासाहेब. सुनीतीनं त्यांच्या कानावर घातलं. पुढच्या उपासनेला त्यांनी त्या माणसाला दारातच अडवलं.

“आपण कोण?”

“खंडेराव शेळके. फौजेत हवालदार, सिग्नल्समध्ये. छावणीत असतो.”

“ख्रिस्ती आहात?”

“नाही जी.”

“मग इथं काय काम?”

खंडेरावानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “काही नाही जी,” म्हणाला आणि चालू लागला. सुनीतीला मोकळं वाटलं.

खुलासा सही करून द्यायला ती गेली, तेव्हा टेबलावर फाइल उघडी होती. वर तिच्या लेखाचं कात्रण. छापताना ‘उंबरा’चं ‘अंबर’ झालं होतं, आणि या कात्रणावर ते निळ्या शाईनं सुधारलेलं होतं. अक्षर तिचंच. तशी दुरुस्ती तिनं एकाच प्रतीत केली होती. ती प्रत हेमलताला दिली होती.

हेमलता साळवे म्हणजे पलीकडच्या जिन्यातली, अठरा वर्षांची मैत्रीण. चर्चमध्ये गीत तीच उचलायची. सुनीती संध्याकाळी गेली, तेव्हा ती कणीक मळत होती.

“तक्रार तू केलीस?”

“हो.” हेमलतानं मानही वर केली नाही.

“का गं?”

“डिसेंबरचं पान आठव. मुलगा घर सोडून गेलेली आई, रोज त्याचंही ताट मांडते. नाव नव्हतं घातलंस. कशाला हवं होतं नाव? बावीस तर घरं! मी त्या ताटाचं सांगितलं, त्या दिवशी तू माझ्याजवळ बसून रडलीस. मला वाटलं, माझ्यासाठी रडतेस.”

“वाईट काय लिहिलं होतं मी?”

“चांगलंच लिहिलं होतंस. आता तू दारात दिसलीस की मला वाटतं, काय बघायला आली असेल?”

“माझी नोकरी गेली असती, हेमा.”

हेमलताचे हात थांबले. “पत्र टाकलं आणि झोप उडाली. पण तुला सांगायलाही आले नाही. तेही खरं.”

सुनीती घरी आली. त्या आठवड्यात तिला प्रार्थना सुचली नाही. रविवारी ती एकटीच बसनं छावणीत गेली आणि विचारत विचारत शेळक्यांच्या क्वार्टरपाशी पोचली. खाटेवर एक बाई पडली होती, सांधे सुजलेले. ती खंडेरावाची बायको, कृष्णाबाई. चर्चमधून आले म्हणताच ती उठून बसायला धडपडली.

“बाटवायला आलात का, बाई? आमच्या घरात खंडोबा आहे.”

तेवढ्यात खंडेराव आला. सुनीतीनं उभ्यानंच सांगून टाकलं, “तुमच्यावर संशय मी घेतला. तो खोटा होता. माफ करा.”

बूट काढता काढता तो म्हणाला, “हिचं गावाकडं भजनी मंडळ होतं. इथं अंथरुणाला खिळली. एकदा रस्त्यानं जाताना अभंगाची चाल कानावर आली, म्हणून आत शिरलो. शब्द मी आणायचो, चाल हिला ठाऊक.”

“तुमच्या देवाचं नाव आलं की मी आमच्या देवाचं घालते,” कृष्णाबाई म्हणाली आणि सुनीतीकडे रोखून पाहू लागली, आता ही काय बोलते म्हणून.

सुनीतीतली मिशन शाळेची पोर क्षणभर दुखावली. मग ती म्हणाली, “मात्रा जुळतात का?”

“ओढून घ्याव्या लागतात.”

“परत या उपासनेला,” निघताना सुनीतीनं खंडेरावाला म्हटलं. त्यानं मान हलवली. पण तो पुन्हा कधी आला नाही.

परतीच्या बसमध्ये सुनीतीच्या डोक्यात वाक्यं जुळू लागली: सुजलेली बोटं, भिंतीवरचा खंडोबा, ओढून घेतलेल्या मात्रा. ती दचकली. आपण माफी मागायला गेलो होतो की हे गोळा करायला?

ऑफिसनं लेखी ताकीद दिली आणि प्रकरण मिटवलं. लिहिण्याची परवानगी पुढच्या वर्षी, आणीबाणी उठल्यावर मिळाली. मग ती स्वतःच्या नावानं लिहू लागली. पण ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला आधी वाचून दाखवल्याशिवाय तिनं पान धाडलं नाही. कृष्णाबाईवरचं पान तिनं छावणीत जाऊन वाचलं. कृष्णाबाईनं दोनदा ऐकलं आणि म्हणाली, “छान आहे. पण नको छापू.” ते छापलं नाही. हेमलता पुन्हा चहाला बोलावू लागली, सणावाराला डबेही येऊ लागले. मुलाचं पत्र आलं की नाही, ते मात्र तिनं सुनीतीला कधी सांगितलं नाही.